पितरांचा प्रश्न आणि रिकामे बाक

१६५९ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीने नाताळवर बंदी घातली. त्या दिवशी जो काम बंद ठेवील, मेजवानी करील, त्याला पाच शिलिंग दंड. हे फर्मान काढणारे लोक नास्तिक नव्हते. त्यांच्याइतके कडवे ख्रिस्ती त्या काळी शोधून सापडले नसते. बायबलात येशूच्या जन्माची तारीख नाही, तेव्हा हा सण माणसांनी मागाहून घुसडलेला, असे त्या प्युरिटनांचे म्हणणे. त्यांना वर्षातला एक दिवस नको होता, बावन्न रविवार हवे होते. आणि त्या बावन्न रविवारी गावातल्या लहानथोरांनी लाकडी बाकांवर येऊन बसलेच पाहिजे, अशी त्यांची शिस्त होती. बंदी १६८१ साली उठली. आज त्याच न्यू इंग्लंडमध्ये चित्र पुरते उलटले आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी हातात मेणबत्त्या घेऊन लोक चर्चमध्ये दाटीने उभे राहतात, आणि जानेवारीतल्या रविवारी त्याच चर्चमध्ये पुढच्या दोन-तीन ओळींत मावतील एवढीच पिकली डोकी उरतात. सण राहिला, रविवार गेला.

आकडे थोडक्यात सांगतो. गॅलप संस्था १९३७ पासून अमेरिकन लोकांना विचारत आली आहे की तुम्ही एखाद्या चर्चचे, सिनेगॉगचे किंवा मशिदीचे सभासद आहात काय. त्या वर्षी ७३ टक्के लोक हो म्हणाले. १९९९ साली ७० टक्के. म्हणजे साठ वर्षांत फारसा फरक नाही. २०२० साली हा आकडा ४७ वर आला. निम्म्याच्या खाली जाण्याची ही पहिली वेळ. दर आठवड्याला किंवा जवळजवळ दर आठवड्याला उपासनेला जाणारे या शतकाच्या सुरुवातीला ४२ टक्के होते, ते आता ३० टक्के आहेत. प्यू संस्थेच्या पाहणीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००७ साली ७८ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ६२ टक्के. ही घसरण २०१९ पासून थबकल्यासारखी दिसते, हेही त्याच पाहणीत आहे. पण थबकली म्हणजे भरून आली असे नव्हे.

यावर अमेरिकेत एक जुना वाद आहे. परंपरानिष्ठ म्हणतात, उदारमतवाद्यांनी चमत्कार नाकारले, नरक नाकारला, बायबलातला शब्द न् शब्द खरा आहे हे नाकारले. मग उरले काय, आणि त्यासाठी रविवारची झोप मोडून कोण येणार? उदारमतवादी म्हणतात, तुम्ही विज्ञानाशी भांडलात, स्त्रियांना व्यासपीठावरून उतरवलेत, समलिंगी मुलांना दार बंद केलेत. तरुण पळाले ते तुमच्यामुळे. मराठी वाचकाला वाटेल, हे भांडण सातासमुद्रापलीकडचे, आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो अहमदनगरातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातून जातो. हे भांडण एका टप्प्यावर चक्क नगरच्या एका माणसावरून पेटले होते. म्हणून नाताळच्या या अंकात त्याची गोष्ट सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते.

१८०५ साली हार्वर्डमध्ये धर्मशास्त्राच्या मानाच्या अध्यासनावर हेन्री वेअर या उदारमतवादी विद्वानाची नेमणूक झाली. देव एकच, येशू हा थोर गुरू पण देव नव्हे, या युनिटेरियन मताकडे बॉस्टनची शिकलेली मंडळी झुकत चालली होती. सनातनी काँग्रिगेशनल पाळक हादरले. त्यांनी १८०७ साली अँडोव्हर गावी स्वतंत्र धर्मशिक्षणसंस्था काढली आणि नियम केला की इथल्या प्राध्यापकाने दर पाच वर्षांनी श्रद्धेच्या मसुद्यावर पुन्हा सही करायची. त्या अँडोव्हरमध्ये शिकलेल्या तरुणांपैकी पाचजणांना ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये परदेशी पाठवण्यासाठी दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो. हॉल १८२६ साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. १८३१ साली मिशनने नगरला ठाणे मांडले, १८४२ साली तिथून 'ज्ञानोदय' निघू लागले. हार्वर्डमधल्या एका नेमणुकीवरून उठलेल्या वादाचा एक फाटा असा थेट सीनेच्या काठी येऊन पोचला.

मागे न्यू इंग्लंडमध्ये काय झाले? १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या पिलग्रिमांची प्लिमथची मूळ मंडळी १८०१ साली फुटली, आणि जुने चर्च युनिटेरियनांकडे राहिले. परंपरा पाळणाऱ्यांना बाहेर पडून नवे चर्च बांधावे लागले. डेडम गावचे भांडण न्यायालयात गेले. १८२० सालच्या निकालाने चर्चची इमारत, जमीन, चांदीची भांडी हे सारे बहुसंख्य गावकऱ्यांच्या, म्हणजे उदारमतवाद्यांच्या हाती गेले. तेव्हापासून तिथे लोक म्हणत की एका बाजूने श्रद्धा सांभाळली आणि दुसऱ्या बाजूने सामानसुमान.

आता नगरच्या माणसाकडे येतो. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम १८४७ साली मुंबईत जन्मले, एका मिशनरी घरात. येल आणि अँडोव्हर इथे शिकून ते नगरला आले, १८७८ साली त्यांनी तिथे पाळक तयार करणारी शाळा काढली. दुष्काळात खेड्यापाड्यांतून वावरले. बाप्तिस्मा घेणारी कुटुंबे बहुतेक महार-मांग समाजातली. अशा घरी येशू हाच एकमेव तारणारा हे सांगितले की समोरून पहिला प्रश्न काय येणार, हे मराठी माणसाला सांगायला नको. आमच्या पितरांचे काय? माझा आजा देवभोळा होता, त्याने कुणाचे वाईट केले नाही, त्याला येशूचे नाव कुणी सांगितलेच नाही. तो आता कुठे आहे? ज्या मुलखात पितृपंधरवड्यात घरचा पहिला घास कावळ्याला जातो, तिथे हा प्रश्न तर्काचा नसतो, रक्ताचा असतो. अँडोव्हरच्या मूळ मसुद्याप्रमाणे उत्तर स्पष्ट होते आणि ते भयंकर होते.

१८८०च्या दशकात खुद्द अँडोव्हरच्याच काही प्राध्यापकांनी वेगळे मत मांडले. ज्याच्या कानावर हयातीत शुभवर्तमान पडलेच नाही, त्याला न्यायी देव मृत्यूनंतर एक संधी देईल, असे मानायला जागा आहे. सनातनी ज्याला आपला किल्ला समजत होते त्याचीच भिंत आतून ढासळली. पाच प्राध्यापकांवर पाखंडाचे आरोप झाले, एकाला दोषी ठरवले गेले, पुढे न्यायालयात तो निर्णय टिकला नाही. ह्यूम तेव्हा रजेवर अमेरिकेत होते. १८८६ साली अँडोव्हरच्या सभेत त्यांनी या मताविषयी उघड सहानुभूती दाखवली. बॉस्टनच्या मिशन बोर्डाने त्यांचे नगरला परतणे अडवून धरले. बोर्डातल्या सनातन्यांचा आक्षेप उथळ नव्हता, हे कबूल केले पाहिजे. ते विचारत होते, मेल्यावर संधी मिळणारच असेल तर घरदार सोडून, पटकीने मरायला कोण नगरला जाईल? मिशनची नसच कापली जाईल. वर्षभर रणे माजली, वर्तमानपत्रांत, वार्षिक सभांत. अखेर १८८७ साली ह्यूम यांना परवानगी मिळाली. ते परतले आणि पुढची तीन तपांहून अधिक वर्षे नगरच्या कामात राहिले. नस कापली गेली नाही. निदान त्यांची तरी नाही.

या नगरात, ह्यूम यांच्या छायेत, कवी नारायण वामन टिळक यांचे ख्रिस्ती आयुष्य घडले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आग्रहाने एका भारतीय पाळकाच्या हातून. पंथांच्या भिंती त्यांना कधीच मानवल्या नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यांचा धर्मविचार बॉस्टनच्या सनातन्यांना रुचण्यासारखा मुळीच नव्हता. पण टिळकांच्या घरी प्रार्थना चुकत नसे, कीर्तन थांबत नसे, दारी आलेला अनाथ परत जात नसे. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, तोही नुसत्या विचारांचा नव्हता, व्रताचा होता. याच मिशनमधले जस्टिन अ‍ॅबट म्हातारपणी न्यू जर्सीतल्या समिट गावी बसून महिपती, एकनाथ, तुकाराम इंग्रजीत आणत राहिले. विचार रुंदावले तरी आच मंदावत नाही, याचे हे दाखले आपल्याच मातीत पडून आहेत.

अमेरिकेत मात्र गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९२२ साली न्यूयॉर्कच्या व्यासपीठावरून हॅरी इमर्सन फॉस्डिक यांनी मूलतत्त्ववाद्यांना जाहीर आव्हान दिले. १९२३ साली प्रिन्स्टनच्या ग्रेशम मेचन यांनी पुस्तक लिहून उत्तर दिले की उदारमतवाद हा ख्रिस्ती धर्मातला पंथ नव्हेच, तो वेगळाच धर्म आहे. दोन वर्षांनी टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला झाला आणि जगभर गाजला. त्या घटकेला वाटले की उदारमतवादी जिंकले. मोठी विद्यापीठे, मोठी वर्तमानपत्रे, मोठ्या शहरांतली मोठी चर्चे त्यांच्याकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर तर नव्या वसाहतींतली त्यांची सभागृहे भरून वाहू लागली. काँग्रिगेशनल मंडळ्या आणि एक जर्मन परंपरेचा पंथ मिळून १९५७ साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट झाले, तेव्हा सभासद वीस लाखांच्या घरात होते. आज ते सात लाखांच्या आसपास आहेत. एपिस्कोपल चर्च साठीच्या दशकात चौतीस लाखांवर होते, आता पंधरा लाखांच्या आगेमागे. प्रेस्बिटेरियन चर्चचे दोन भाग १९८३ साली एकत्र आले तेव्हा एकतीस लाख होते; आता दहा-अकरा लाख. अँडोव्हरची कथा तर चटका लावणारी आहे. हार्वर्डच्या विरोधात उभी राहिलेली ती संस्था शंभरएक वर्षांनी, १९०८ साली, हार्वर्डच्याच आवारात गेली. पुढे न्यूटनमधल्या एका संस्थेशी मिळाली, आणि २०१७ साली तिथली टेकडी सोडून येलच्या आश्रयाला गेली.

मग मेचन खरे ठरले काय? १९७२ साली डीन केली या मेथॉडिस्ट पाळकाने लिहिले की कडक चर्चे वाढतात, कारण ती सभासदाकडून काहीतरी मागतात. परंपरानिष्ठ आजही या पुस्तकाचा हवाला देतात. पण अर्धेच वाचतात. समाजशास्त्रज्ञ मायकेल हाउट, अँड्र्यू ग्रीली आणि मेलिसा वाइल्ड यांनी २००१ साली हिशेब मांडून दाखवला की उदार आणि कडव्या प्रॉटेस्टंटांच्या प्रमाणात पडलेल्या फरकाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग केवळ जन्मदरातून येतो. कडव्या घरांत मुले जास्त झाली, एवढेच. शिवाय कडवेपणाने संरक्षण मिळते म्हणावे, तर सदर्न बॅप्टिस्टांचे काय? १९७९ पासून परंपरानिष्ठांनी तो पंथ पूर्ण ताब्यात घेतला. २००६ साली ते एक कोटी त्रेसष्ट लाख होते. आता एक कोटी तीस लाखांच्या खाली आहेत. हाउट यांनीच क्लॉड फिशर यांच्याबरोबर दाखवले आहे की धर्माला रामराम ठोकणाऱ्या पुष्कळांनी देव सोडला नाही, त्यांनी राजकीय पक्षाला जोडलेले चर्च सोडले. मतपेटीसाठी व्यासपीठ वापरले की मुले व्यासपीठाकडे पाठ फिरवतात, हे अमेरिकेने पाहिले. आपणही पाहून ठेवावे.

आमच्या मते सर्वांत मोलाची नोंद १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. डीन होग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रेस्बिटेरियन घरांत वाढलेल्या, युद्धानंतर जन्मलेल्या पिढीला गाठून विचारले: तुम्ही कुठे गेलात? कडव्या चर्चांत फारच थोडे गेले होते. सोडून गेलेल्यांपैकी बहुतेक कुठेच गेले नव्हते. ते रागावले नव्हते, त्यांचे भांडण नव्हते. भले लोक होते ते, देव बहुधा असावा, सर्व धर्म चांगलेच, मुलांना थोडे संस्कार असावेत, असे म्हणणारे. फक्त रविवारी यायला त्यांना कारण उरले नव्हते. आईबापांनी श्रद्धेचा अर्थ मोठा करून दिला, पण श्रद्धेचे काम हाती दिले नाही. मूल म्हणाले, आज फुटबॉल आहे. आईबाप म्हणाले, बरं.

इथे आपल्याकडचा एक आरसा समोर धरावासा वाटतो. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. रानडे, भांडारकर, चंदावरकर. महाराष्ट्रातली त्या काळची सर्वांत निर्मळ डोकी. एक देव, मूर्ती नको, तुकोबांचे अभंग, रविवारची उपासना. बॉस्टनच्या युनिटेरियनांशी त्यांचे सहज जमले असते. विचारांत उणे काढायला जागा नाही, आणि महाराष्ट्राने त्यांतले बरेचसे मुकाट्याने पचवलेही. पण समाजाचे सभासद मूठभरच राहिले. आमचे निदान असे की त्यांनी घरच्या देव्हाऱ्याला आणि जातीच्या पंक्तीला हात लावायची सक्ती कुणावर केली नाही. सभागृहात एक, घरात दुसरे, हे चालून गेले. ज्या विठ्ठल रामजी शिंद्यांनी तो विचार अंगावर घेतला, ऑक्सफर्डला युनिटेरियनांकडे शिकून आल्यावर १९०६ साली अस्पृश्यांसाठी मिशन काढून त्यांच्या वस्तीत संसार मांडला, त्यांच्या हातून तेवढ्या विचारानेही डोंगर हलले.

आणि दुसरीकडे वारी. वारीत कुणी श्रद्धेच्या मसुद्यावर सही घेत नाही. अद्वैत मानणारा, द्वैत मानणारा, काहीच न समजणारा, सारे एका दिंडीत चालतात. धर्ममताच्या बाबतीत वारीइतके सैल दुसरे काही नसेल. पण नेमाच्या बाबतीत? गळ्यात माळ घातली की एकादशी आली, मांसमद्य गेले, आषाढी-कार्तिकी आली. पेरणी झाली नसेल, घरी आजारपण असेल, तरी मन पंढरीकडे ओढते, आणि ज्याची वारी चुकली तो वर्षभर हळहळतो. विचाराला मोकळे रान आणि आचाराला घट्ट नेम. अमेरिकेतल्या उदार चर्चांनी पहिले दिले आणि दुसरे सैल सोडले. कडव्यांनी दुसरे राखले आणि पहिल्याचा गळा आवळला. दोन्हीकडचे बाक रिकामे होताना दिसतात ते त्यामुळे.

याला पंडिता रमाबाईंचे आयुष्य साक्ष आहे. १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या, १८८९ साली त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले, त्यात तिथल्या धर्मपंथांचा आणि दानधर्माचाही विचार आहे. १८८७ साली बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली; अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, युनिटेरियन पाळक. दहा वर्षे पैसा देऊ, शाळेत कुणावर धर्म लादायचा नाही, अशी बोली. ती शाळा, शारदा सदन, त्या उदार पैशावर उभी राहिली आणि ते ऋण आपण कधी विसरू नये. पण रमाबाईंचे स्वतःचे मन तेवढ्यावर निवले नाही. केडगावला, मुक्ती मिशनमध्ये, त्या उत्कट, रडणाऱ्या, रात्ररात्र चालणाऱ्या प्रार्थनेकडे वळल्या. १९०५ साली तिथे मुलींमध्ये जे जागरण झाले, ते लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या प्रसिद्ध जागरणाच्या आधीचे. त्याच पेंटेकोस्टल धारेतली असेंब्लीज ऑफ गॉडसारखी चर्चे अमेरिकेत आज तीस लाखांच्या आसपास माणसे धरून आहेत. त्यांची सर्व मते आम्हाला पटत नाहीत. पण ज्यांना आपली म्हणावी अशी जागा दुसरीकडे मिळाली नाही, त्यांना तिथे कुणीतरी नावाने हाक मारते, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते, हे नाकारता येत नाही.

म्हणून आमचा कौल स्पष्ट आहे. ह्यूम यांनी पितरांचा प्रश्न विचारला ते बरोबरच केले. ज्या देवापाशी नगरच्या एखाद्या मेलेल्या आजोबासाठी जागा नाही, तो देव न्यायी नव्हे, हे म्हणायला धैर्य लागत होते आणि ते उदारमतवाद्यांनी दाखवले. गुलामगिरीचा प्रश्न असो, स्त्रियांच्या दीक्षेचा असो, २००३ साली न्यू हॅम्पशायरला समलिंगी बिशप निवडण्याचा असो, त्यांनी किंमत मोजली. अलीकडे मेथॉडिस्टांमधून याच प्रश्नावर साडेसात हजारांवर मंडळ्या बाहेर पडल्या. उरलेल्यांनी २०२४ साली दार उघडले. त्यांनी मागे फिरावे असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी आपल्या माणसांकडून पुन्हा काहीतरी मागावे. रोजची प्रार्थना मागावी, पगारातला वाटा मागावा, मुलाचा रविवार मागावा, आजाऱ्याच्या उशाशी बसायला माणूस मागावा. चर्च बंद पडते तेव्हा नुसते प्रवचन थांबत नाही; तळघरातले धान्यवाटप थांबते, दारू सोडू पाहणाऱ्यांची संध्याकाळची बैठक थांबते, एकट्या म्हातारीची फोनवरून होणारी चौकशी थांबते.

अमेरिकेतल्या आमच्या मराठी वाचकांना शेवटी एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांचे पहिले गणपती, पहिली दिवाळी चर्चच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात झाली. तुम्ही न्यू इंग्लंडमध्ये राहत असाल तर गावाच्या चौकात एक पांढरे लाकडी काँग्रिगेशनल चर्च बहुधा असेलच. या नाताळाला नव्हे, गर्दी ओसरल्यावरच्या एखाद्या रविवारी तिथे जाऊन बसा. उपासना संपली की कॉफी देतात. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगा, की तुमच्यासारख्याच खेड्यातल्या चर्चांनी जमवलेल्या पैशांवर न्यू हॅम्पशायरच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईला आल्या, पुढे नगरला त्यांनी मुलींची शाळा चालवली, ती पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढावीशी वाटली, आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले. फरारबाई १८६२ साली नगरलाच वारल्या. त्यांतल्या बहुतेकांना हे ठाऊक नसेल.